शिरगावचा चषक

फुटबॉलवर मराठीत लिहितो म्हटले की डिचोलीतले माझे साहित्यिक मित्र असा चेहरा करतात, जणू मी देवळाच्या सभामंडपात चपला घालून आलो. एकजण सरळच म्हणतो, "ते सासष्टीकारांचे." दुसरा जरा सभ्य आहे. तो म्हणतो, "आपली संस्कृती वेगळी." आपली म्हणजे भजनी सप्ताह, दशावतार, गणपतीतली नाटके, धालो, शिगमो, शिरगावची जत्रा. बॉल म्हणजे इगर्जीच्या बाजूचे मैदान आणि संध्याकाळी तिथे जमणारी दुसरी मंडळी. एवढी साधी वाटणी. तिच्यात कुणाला काही खटकत नाही.

दुसरीकडे पणजी-मडगावातले क्रीडाप्रेमी. त्यांचा गळा वेगळ्याच कारणाने भरून येतो. गोव्याच्या क्लबांचा सुवर्णकाळ गेला, फातोर्डा पूर्वीसारखे भरत नाही, दिल्लीवाल्यांनी आमचा फुटबॉल मारला. त्यांच्या लेखांतून आर्मांदो कुलासो येतात, रँटी मार्टिन्स येतो, बेटो येतो. एक नाव कधी येत नाही. ते म्हणजे शिरगाव.

या दोन्ही मंडळींशी माझे भांडण आहे आणि ते एकच आहे. २००७-०८ सालच्या पहिल्या आय-लीगचा चषक जेवढा फातोर्ड्याचा आहे तेवढाच शिरगावचा आहे. शिरगावचा वाटा अजून कुणी दिलेला नाही, आणि तो मागावा असे आम्हा मराठीवाल्यांना वाटतही नाही, कारण फुटबॉल आपला नव्हे ना!

आधी त्या मोसमाचे सांगतो. हे सगळे विसरायला आम्हाला फार वेळ लागला नाही.

राष्ट्रीय फुटबॉल लीग बंद होऊन तिच्या जागी आय-लीग आली. देशातले दहा संघ घेतले. त्या दहांत चार गोव्याचे : धेंपो, चर्चिल ब्रदर्स, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा. दोन जिल्ह्यांच्या एवढ्याशा राज्याचे दहांत चार. कोलकात्याचे दोन, मोहन बागान आणि ईस्ट बंगाल. पहिला सामना झाला २४ नोव्हेंबर २००७ रोजी, धेंपो विरुद्ध साळगावकर. म्हणजे देशातल्या नव्या लीगचा नारळ फोडायला गोव्यातल्या दोन खाण-घराण्यांचे संघ समोरासमोर. पुढे फेब्रुवारीपर्यंत लीग रंगली. प्रत्येकी अठरा सामने झाले आणि शेवटी धेंपो आणि चर्चिल दोघांचेही गुण सारखेच, ३६. सरस ठरला धेंपो. चर्चिलच्या ओडाफा ओकोलीने एकट्याने २२ गोल केले आणि तरी चषक मडगावच्या हातून पणजीला गेला. साळगावकरांची अवस्था मात्र वाईट झाली, ते खालच्या श्रेणीत घसरले. त्याच वर्षी धेंपोने आशियाई संघांच्या एएफसी चषकात उपांत्य फेरी गाठली. क्लायमॅक्स लॉरेन्स, समीर नाईक, क्लिफर्ड मिरांडा ही आपली पोरे त्या संघाचा कणा होती.

एवढ्यावर थांबले नाही. २००६-०७ पासून २०१२-१३ पर्यंत सलग सात मोसम देशाचे विजेतेपद गोव्याबाहेर गेले नाही. धेंपो चार वेळा, चर्चिल दोनदा, साळगावकर एकदा. दोनशे वर्षे कलेक्टर-बॅरिस्टर पुरवणाऱ्या बंगालने कपाळाला हात लावला.

मला त्या यशाचा अभिमान होता आणि अजून आहे. उगाच नाक मुरडणाऱ्यांतला मी नाही. झी स्पोर्ट्सवर सामना लागला की मी जिथे असेन तिथे बसायचो. त्या हिवाळ्यात एकदा शिरगावला माझ्या मावशीकडे बसलो होतो. मावशी पडवीत तांदूळ निवडत होती. बाहेरून मातीचे ट्रक एकामागून एक जात होते आणि प्रत्येक ट्रकागणिक टीव्हीचा आवाज बुडत होता. शेवटी तिने विचारले, "कोण जिकलो रे?" मी म्हटले, "आमचो." तिने सूप खाली ठेवले आणि म्हणाली, "आमचो म्हळ्यार कोणाचो?"

प्रश्न व्याकरणाचा नव्हता हे तेव्हाही कळले होते.

आता खाणीकडे येऊ. शिरगावच्या डोंगरातले लोखंड गोव्याच्या खाण-इतिहासात फार वरच्या पानावर आहे. पोर्तुगीज अमदानीतच, १९५१ च्या सुमारास, चौगुल्यांनी जपानी पोलाद कारखान्यांशी करार केला आणि शिरगावची खाण यंत्रांवर आली. तोवर गोव्यात माती काढायची ती कुदळ-पाटीने, बायकांच्या डोक्यावरून. पुढे या एका गावात तीन कंपन्यांच्या खाणी झाल्या : चौगुले, धेंपो आणि राजाराम बांदेकर. गाव केवढे? एका टोकाला उभे राहून हाक मारली तर दुसऱ्या टोकाला ओ यावी, एवढे. त्याच्या तिन्ही बाजूंना खड्डे, आणि मध्ये लईराईचे देऊळ, तळी, घरे आणि उरलीसुरली शेते.

डोंगर संपला तेव्हा खाण जमिनीखाली गेली. खड्डा भूजलाच्या पातळीखाली उतरला की पाणी आत येते. मग ते पंप लावून उपसायचे, नाहीतर खोदाई थांबते. खड्ड्यातले पाणी उपसले की आजूबाजूच्या विहिरी तळ दाखवतात. यात विज्ञान फारसे नाही. आपल्या परसातली विहीर आणि शेजाऱ्याचा मोटारपंप ज्याने पाहिला आहे त्याला हे कळते. पावसात डंपावरची माती वाहून शेतात उतरते आणि भाताच्या खाचरात लाल गाळ बसतो. गावकरी अखेर उच्च न्यायालयाच्या पणजी खंडपीठात गेले. नागपूरच्या नीरी या संस्थेला पाहणीचे काम दिले गेले. गावात नळ आला, टँकर आला. ज्या गावच्या व्रताची सुरुवातच तळीत आंघोळ करून होते, त्या गावाला टँकरची वाट पाहावी लागली.

आता दोन तारखा शेजारीशेजारी ठेवतो. एक वर आलीच आहे, पहिल्या आय-लीगची पहिली शिट्टी, २४ नोव्हेंबर २००७. दुसरी सर्वोच्च न्यायालयाच्या निकालातली आहे. २१ एप्रिल २०१४ रोजी गोवा फाउंडेशनच्या याचिकेवर न्यायालयाने सांगितले की गोव्यातल्या खाणपट्ट्यांची मुदत २२ नोव्हेंबर २००७ रोजी संपली होती, आणि त्यानंतर काढलेले खनिज बेकायदेशीर. बावीस आणि चोवीस. पट्टे संपले गुरुवारी, लीग सुरू झाली शनिवारी.

हा दोष एकट्या धेंपोंचा नाही, एकट्या शिरगावच्या खाणींचा तर नाहीच. निकाल साऱ्या गोव्याच्या पट्ट्यांना लागू झाला, सरकारांनीही डोळे मिटले होते, आणि खाणमालक आपली बाजू कोर्टात मांडत आले आहेत. पण मुद्दा कुणाला चोर ठरवण्याचा नाही. मुद्दा हा की ज्याला आपण सुवर्णकाळ म्हणतो त्या प्रत्येक मोसमात, २००७ ते २०१२, डिचोली-सत्तरी-सांगे-केप्यातून जी माती गेली ती कुणाच्या हक्काची होती याचे उत्तर देशातल्या सर्वांत वरच्या कोर्टाने दिलेले आहे. चीनमध्ये ऑलिंपिकची तयारी चालली होती, हलक्या प्रतीच्या मातीलाही भाव आला होता. जुने डंपसुद्धा उकरून विकले गेले. २०१०-११ साली गोव्यातून पाच कोटी टनांहून जास्त खनिज बाहेर गेले. हे सगळे नोव्हेंबर ते मे या काळात, कारण पावसात खाण चालत नाही. आणि फुटबॉलचा राष्ट्रीय मोसमही नेमका तोच. फातोर्ड्याच्या हिरवळीला ज्या महिन्यांत रोज पाणी मारायचे, त्याच महिन्यांत शिरगावच्या विहिरी आटायच्या. एकाने दुसऱ्याचे पाणी पळवले असे मी म्हणत नाही. पण दोन्ही चित्रे एकाच कॅलेंडरवर लावून पाहा एवढे म्हणतो.

आता माझ्या मराठी मित्रांकडे वळतो, कारण ते इथपर्यंत वाचून मान डोलावत असतील. बघा, म्हटले नव्हते, फुटबॉल म्हणजे खाणमालकांचा शौक! थांबा जरा.

गोवा मुक्त झाल्यावर १९६२ साली 'गोमन्तक' दैनिक निघाले ते चौगुल्यांच्या पैशाने. बा. द. सातोस्कर त्याचे संपादक, पुढे माधव गडकरी. 'नवप्रभा' निघाला १९७० साली, तो धेंपोंचा. माझ्या पिढीने मराठी वाचायला शिकली ती या दोन अंकांवर. आमच्या पहिल्या कविता तिथल्या रविवारच्या पुरवण्यांत आल्या, मराठीचा कैवार तिथेच घेतला गेला, ओपिनियन पोलच्या वेळची शब्दांची लढाई 'गोमन्तक'मध्ये लढली गेली. ते मी काही कमी लेखत नाही. पण चौगुले आणि धेंपो ही दोन्ही नावे शिरगावच्या डोंगरावर होती हे विसरायचे नाही. जी माती बॉलमध्ये गेली तीच शाईत गेली. फुटबॉल जर खाणीचा, तर गोव्यातली मराठी पत्रकारिताही खाणीचीच. आणि मराठी पत्रकारिता जर आपली, तर तो चषकही आपलाच. मधला सोयीस्कर दरवाजा नाही.

आणखी पुढे जाऊ. १९६२ साली गोव्यात दोन महाविद्यालये निघाली. धेंपे महाविद्यालय पणजीला, चौगुले महाविद्यालय मडगावला. गोव्यावर फार मोठे उपकार झाले, माझे थोरले भाऊ शिकले ते त्यातल्याच एकात. पण नकाशा बघा. खड्डा डिचोलीत, कॉलेज पणजी-मडगावात. वर्तमानपत्राची कचेरी पणजीत. मैदान फातोर्ड्याला. माती सारमानसच्या धक्क्यावरून बार्जमध्ये चढायची आणि मांडवीतून मुरगावला जायची. तिच्यातून झालेले सगळे चांगलेही त्याच वाटेने खाली उतरले आणि परत वर आले नाही.

धेंपो क्लबाचा इतिहास तर याहून बोलका आहे. आज आपण त्याला पणजीचा क्लब समजतो. त्याचे मूळ डिचोलीत आहे. साठच्या दशकात डिचोलीला एक क्लब होता, तो धेंपोंनी आपल्याकडे घेतला, त्याला आपले नाव दिले, आणि १९६८ पासूनचा धेंपो स्पोर्ट्स क्लब सगळ्यांना माहीत आहे. डोंगरासारखाच क्लबही डिचोलीतून निघाला आणि खाली गेला. ज्या तालुक्यातून देशाचा पाच वेळा विजेता ठरलेला संघ जन्मला, तिथले साहित्यिक आज म्हणतात, फुटबॉल ही आपली संस्कृती नव्हे. आणि ज्यांची देवी लईराई, तिची बहीण म्हापशाची मिलाग्रीस सायबीण मानतात, त्या गावात हे सांगायचे!

आता आक्षेप. ते मला तोंडपाठ आहेत, कारण दर वेळी तेच येतात.

पहिला असा की चर्चिल ब्रदर्स खाणवाले नव्हते आणि स्पोर्टिंगही नव्हते. बरोबर. म्हणूनच मी गोव्याचा सगळा फुटबॉल मातीवर उभा होता असे कुठेही म्हटलेले नाही. वार्के-बाणावलीच्या शेतात कापणीनंतर जो खेळ होतो त्याला कुणाच्या पैशाची गरज नाही. पण धेंपो आणि साळगावकर यांनी खेळाडूला महिन्याचा पगार, परदेशी खेळाडू, प्रशिक्षक, विमानाचे तिकीट ही जी पातळी आणून ठेवली, तिच्याशी बरोबरी करताना बाकीच्यांना वर चढावे लागले. ती पातळी कशाच्या बळावर आली हे विचारायला नको का?

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. धेंपोंनी आपला खाण-उद्योग जून २००९ मध्ये सेसा गोवाला विकला, १७५० कोटी रुपयांना. त्यानंतरही क्लब २००९-१० आणि २०११-१२ मध्ये जिंकला. मग खाणीचा काय संबंध? मला वाटते संबंध त्या १७५० कोटींच्या आकड्यातच आहे. ती किंमत कशाची होती? यंत्रांची आणि बार्जेसची काही, बाकी जमिनीखालच्या मातीची. घरातला सोन्याचा दागिना विकून आलेल्या पैशाने लग्न लावले तर दागिन्याचा लग्नाशी संबंध नाही असे कुणी म्हणत नाही. त्या व्यवहारात सही करणारे होते, पैसे देणारे होते, घेणारे होते. ज्यांच्या विहिरी होत्या ते कुठे होते?

तिसरा आक्षेप आमच्याच लोकांचा आहे, आणि त्याच्यापुढे मी आवाज खाली आणतो. खाणीने डिचोलीला पोसले. ट्रक आले, घरे झाली, पोरांची लग्ने झाली. सप्टेंबर २०१२ मध्ये राज्य सरकारने खाणी थांबवल्या, पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाची बंदी आली, आणि दारोदार ट्रक उभे राहिले, बँकेचे हप्ते थकले. २०१८ च्या मार्चमध्ये दुसऱ्यांदा तेच झाले. मी ते दिवस पाहिले आहेत. तेव्हा खाण हवी म्हणणाऱ्याला मी शिव्या देत नाही. पण हप्त्यावर घेतलेला ट्रक हा वाटा नव्हे. तो मजुरी आहे, तीसुद्धा कर्ज काढून मिळवलेली. मजुरी आणि वाटा यांतला फरक कुळाला कळतो. मुंडकारालाही कळतो.

आता सुवर्णकाळ कसा संपला ते. क्रीडाप्रेमींचे म्हणणे असे की २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग आली आणि महासंघाने तिला डोक्यावर घेऊन आय-लीगला खाली ढकलायचे ठरवले. त्याच्या निषेधार्थ २०१६ मध्ये साळगावकर, स्पोर्टिंग आणि धेंपो लीगमधून बाहेर पडले. हे खरे आहे आणि महासंघाचे वागणे उद्दाम होते याबद्दल मला शंका नाही. पण एक बारीक गोष्ट कुणी बोलत नाही. हे क्लब एका निर्णयाने लीगबाहेर गेले, तेव्हा निर्णय कुणी घेतला? मालकांनी. सभासदांची सभा भरली असे ऐकले नाही, कारण तसे सभासदच नव्हते. आम्ही प्रेक्षक होतो. जिंकले तेव्हा "आमचो", आणि बंद करायची वेळ आली तेव्हा "त्यांचो". मावशीचा प्रश्न इथे कामाला येतो.

याच्या उलट काय असू शकते ते पाहायला जरा दूर, नॉर्वेला जाऊ. लांबचे उदाहरण मुद्दाम घेतो, कारण जवळचे दिले की लगेच राजकारण निघते. नॉर्वेच्या उत्तरेला आर्क्टिक वृत्तापलीकडे बोडो नावाचे गाव आहे, वस्ती पन्नास हजारांच्या आसपास. आपल्या डिचोली तालुक्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत ९७ हजारांवर होती, म्हणजे बोडो आपल्या तालुक्याच्या निम्मे. हिवाळ्यात तिथे काही दिवस सूर्यच दिसत नाही. तिथला क्लब बोडो-ग्लिम्ट, १९१६ सालचा. २०१० च्या सुमारास तो दिवाळखोरीच्या काठावर होता. लोकांनी रिकाम्या बाटल्या गोळा करून, विकून पैसे उभे केले. आणि २०२० मध्ये याच क्लबाने नॉर्वेची सर्वोच्च लीग जिंकली, ती कशी? तीस सामन्यांत ८१ गुण आणि १०३ गोल. एकच सामना हरले. नॉर्वेच्या उत्तरेकडच्या कुठल्याही क्लबाने त्याआधी ती लीग जिंकली नव्हती. पुढे २०२१, २०२३, २०२४ मध्येही तेच विजेते, आणि २०२५ मध्ये युरोपा लीगच्या उपांत्य फेरीपर्यंत गेले, वाटेत रोमच्या लाझिओला घरी पाठवून.

त्यांच्याकडे आपल्याहून हुशार पोरे जन्मतात असे नाही. फरक दोन ठिकाणी आहे. तिथे क्लब सभासदांचा असतो. पैसेवाला येऊ शकतो, पण मालक होऊ शकत नाही, बहुमत सभासदांच्या हातून जात नाही. असा क्लब कुणी रागावून बंद करू शकत नाही. दुसरे म्हणजे तेल. नॉर्वेला समुद्राखाली तेल सापडले तेव्हा त्यांनी ठरवले की हे एकदाच निघणारे धन आहे, ते खायचे नाही. १९९० मध्ये कायदा केला, १९९६ पासून त्या निधीत पैसे टाकायला सुरुवात केली, आणि आज तो जगातल्या सर्वांत मोठ्या निधींपैकी एक आहे. तेल निघाले त्या पिढीचे नव्हे, पुढच्या पिढ्यांचेही.

हे आपल्याला अपरिचित नाही. २०१४ च्या त्याच निकालात सर्वोच्च न्यायालयाने गोव्यासाठी कायमस्वरूपी लोहखनिज निधी सांगितला आहे, विक्रीच्या दहा टक्के रकमेचा. शिवाय २०१५ च्या कायद्याने प्रत्येक खाणजिल्ह्यात जिल्हा खनिज प्रतिष्ठान आले, त्यातला पैसा खाणीने बाधित झालेल्या भागासाठीच वापरायचा असतो. म्हणजे कागद तयार आहे. मागणारे तोंड तेवढे हवे.

आणि मागायची वेळ आत्ताच आहे, कारण खाणी परत येत आहेत. २०२२ च्या डिसेंबरमध्ये लिलाव झाला. डिचोलीचा मोठा ब्लॉक वेदान्ताने घेतला, त्यात शिरगावचा भाग आहे, आणि २०२४ मध्ये तिथले काम सुरू झाले. 'मोंत द शिरगाव' हा ब्लॉक बांदेकरांच्या कंपनीकडे गेला. शिरगाव-मये ब्लॉक साळगावकर शिपिंगकडे. या नावाचा फुटबॉल क्लबाशी मी काही संबंध जोडत नाही, कुणी जोडूही नये. शिरगाव-मुळगावचे लोक सांगत आले आहेत की घरे, देवळे, तळी आणि शेते पट्ट्याच्या नकाशातून आधी बाहेर काढा. या मागणीबद्दल आपल्या साहित्य संमेलनांत एखादा ठराव झालेला मला तरी आठवत नाही. भाषेचे ठराव मात्र दर वर्षी होतात, त्याच शब्दांत.

मला काय हवे ते स्पष्ट सांगतो, नाहीतर कुणी म्हणेल नुसते रडगाणे. पहिले पाणी. विहिरी भरेपर्यंत दुसरे काही बोलायचे नाही. त्यानंतर मैदान. कंपनीच्या सामाजिक जबाबदारीच्या खात्यातून आलेले आणि फाटकावर कंपनीचा फलक असलेले नको. ते दान झाले. खनिज प्रतिष्ठानच्या, म्हणजे आपल्याच पैशाचे, सपाट, निचरा नीट असलेले, दिव्यांचे मैदान. साखळीला सेसाची फुटबॉल अकादमी आहे, १९९९ पासूनची, तिथून चांगली पोरे निघाली हे मी नाकारत नाही. पण तिथेही निवड करणारे दुसरे आणि निवडली जाणारी पोरे आपली. मला क्लब हवा तो वर्गणीदारांचा. वर्षाला शंभर रुपये, माणशी एक मत, ट्रकवाला असो की भाटकार, बाई असो की बाप्या. हरला तर आपला, बुडाला तर आपण बुडवलेला.

धेंपो २०२४-२५ च्या मोसमात आय-लीगमध्ये परतला, त्याचा मला आनंद झाला. सामना पाहिला, टाळ्याही वाजवल्या. त्याच मोसमाच्या शेवटी महासंघाने एप्रिल २०२५ मध्ये चर्चिलला विजेते ठरवले आणि जुलैमध्ये स्वित्झर्लंडच्या क्रीडा लवादाने ते काढून इंटर काशीला दिले. म्हणजे चषक आता मैदानावर कमी आणि फायलींत जास्त फिरतो. अशा चषकासाठी शिरगावने भांडावे असे मी म्हणत नाही. २००८ चा आहे तिथे राहू दे. काचेच्या कपाटात तो छान दिसतो.

ग्रामसभेत हा विषय निघाला तर दोन गट पडणार हे नक्की. एक म्हणेल मैदानापेक्षा सभागृह बांधा, नाटकाला उपयोगी पडेल. तो गट माझ्या मित्रांचा असेल, त्यांच्याशी मी चहा पीत भांडेन. मैदानाच्या नावावरून मात्र भांडणार नाही. ते गावाने ठरवावे, आणि शिरगावात ते कुणाच्या नावाने होईल हे धोंडाच्या हातातली वेताची काठी पाहिलेल्या कुणालाही सांगायला नको.